पाणी समोर, कोर्टाचा हुकूम हातात : वकील बाबासाहेबांची ही बाजू किती जणांना माहीत आहे?

तामलवाडी : शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं गावोगावी म्हणतात. तरी चढावीच लागते. बांधाचं भांडण असो, वाटणी असो, फेरफाराची नोंद अडलेली असो, पिशवीत कागद घालून माणूस तुळजापूरला नाहीतर धाराशिवला तारखेला जातो. तिथं त्याला दोन माणसांवर भरवसा ठेवावा लागतो. एक काळ्या कोटातला वकील, दुसरा खुर्चीतला सरकारी माणूस. दोघांपुढं घरातली झाकलेली गोष्ट उघडी करावी लागते. यातला एक जरी इमानाला चुकला, तर माणूस केस हरतो आणि शिवाय गावात तोंड दाखवायची चोरी होते.

या दोन्ही खुर्च्यांवर बसलेला आणि दोन्हीकडं इमान राखून उठलेला माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संविधानाचे शिल्पकार म्हणून त्यांचा फोटो प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे. पण वकील बाबासाहेब, कोर्टात प्रतिवादी म्हणून उभे राहिलेले बाबासाहेब आणि राजीनामा देऊन खुर्ची सोडणारे मंत्री बाबासाहेब, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

गोणपाटावरचा विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवायचे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर पोरांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागायचं. तहान लागली तर शिपायानं वरून पाणी ओतायचं. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. ही पाण्याची गोष्ट पुढं पुन्हा येते, म्हणून ध्यानात ठेवायची.

१९०७ ला ते मॅट्रिक झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ ला लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं आणि ठरल्याप्रमाणं १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले.

सरकारी कचेरीचा त्यांचा हा पहिला अनुभव. मोठी पदवी घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई फायली लांबून फेकायचे. कचेरीतलं पिण्याचं पाणी त्यांना चालत नव्हतं. राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर लाठ्या घेऊन लोक हाकलायला आले. काही दिवसांतच त्यांना मुंबईला परत फिरावं लागलं.

पुढं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२२ मध्ये ते ग्रेज इन या संस्थेतून बॅरिस्टर झाले. १९२३ ला डी.एस्सी. झाले आणि मायदेशी आले.

सनद हातात, पण पक्षकार कुठं?

जुलै १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. सनदेला लागणारे पैसेही जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं मदत केली.

त्या काळी हायकोर्टात बॅरिस्टरला काम मिळायचं ते सॉलिसिटरच्या हातून. सॉलिसिटर मंडळी उच्चवर्णीय किंवा इंग्रज. अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ कोण देणार? त्यामुळं मोठ्या दिवाणी दाव्यांऐवजी जिल्ह्याच्या, तालुक्याच्या कोर्टातली कामं आणि अपिलं त्यांच्या वाट्याला आली. परळच्या चाळीत दोन खोल्यांचा संसार. घर चालावं म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेब शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्याचे तासही घेतले.

याच सुमारास जिल्हा न्यायाधीशाची सरकारी जागा त्यांना मिळत होती. पुढं हायकोर्टात बसवण्याचं आश्वासनही होतं. पगार, बंगला, मान, सगळं एका सहीवर. घरात ओढाताण असताना त्यांनी ते नाकारलं. कारण न्यायाधीशानं चळवळ करायची नसते, सभेत बोलायचं नसतं. ती बंधनं योग्यच आहेत, हे ते जाणून होते. खुर्ची घ्यायची आणि तिचा नियम मोडत राहायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. समाजासाठी बोलायचं होतं, म्हणून त्यांनी खुर्चीच घेतली नाही.

गरीब पक्षकाराकडून ते फी घेत नसत. कामगार, खेड्यातली माणसं परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कचेरीत येऊन बसायची. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेनं १९२५ मध्ये शाळकरी मुलांसाठी वसतिगृह काढलं, ते तामलवाडीपासून जवळच, सोलापूरला. मध्ये फक्त एक हद्द होती. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर तालुका निजामाच्या राज्यात.

केस कुणाचीही असो, कायद्यानं लढायची

१९२५ ला पुण्यात एक पुस्तिका निघाली, 'देशाचे दुश्मन'. लेखक दिनकरराव जवळकर. टिळक आणि चिपळूणकरांवर त्यात फार जहाल टीका होती. बदनामीचा खटला झाला. जवळकरांसोबत केशवराव जेधे, बागडे आणि लाड यांना खालच्या कोर्टानं शिक्षा ठोठावली. पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चालवलं ते बॅ. आंबेडकरांनी. १९२६ मध्ये सगळे सुटले. या खटल्यानं वकील म्हणून त्यांचं नाव झालं.

पण खरी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा द्यायला जेधे-जवळकर तयार झाले. त्यांची एकच अट होती, या लढ्यात ब्राह्मण नकोत. ज्यांची केस जिंकून दिली तीच माणसं, त्यांचा पाठिंबा मोलाचा आणि गरजही मोठी. तरी बाबासाहेबांनी अट मानली नाही. भांडण ब्राह्मण माणसाशी नाही, माणसाला उच्च-नीच ठरवणाऱ्या वृत्तीशी आहे, ही त्यांची भूमिका होती. पक्षकाराची केस मन लावून लढायची, पण त्याची प्रत्येक मागणी मान्य करायची नाही, ही वकिलाची रेघ त्यांनी तिथं आखली.

१९३४ मध्ये र. धों. कर्वे यांचा खटला आला. 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक शंकांना उत्तरं छापली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा आरोप होता. त्या काळात असला खटला घेणं म्हणजे स्वतःच्या अंगावर चिखल उडवून घेणं. बाबासाहेबांनी तो घेतला. शरीराविषयीचं ज्ञान माणसाला मिळालंच पाहिजे, अशी बाजू मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण चारचौघांत ज्याचं नाव घ्यायला लोक लाजत होते, त्यालाही वकील मिळाला.

महाड : दहा वर्षांची तारीख

आता पाण्याची गोष्ट. मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी आणि सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांसाठी खुलं केल्याचा ठराव घेतला. पण तो कागदावरच राहिला. तळ्यावर गुरं पाणी प्यायची, पण अस्पृश्य माणसाला मनाई होती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर अफवा उठली की हे लोक आता देवळात शिरणार. गावातल्या जमावानं जेवणाच्या मांडवावर आणि परत जाणाऱ्या लोकांवर हल्ला केला. बाया-माणसं, पोरंबाळं, म्हातारी जखमी झाली. बाबासाहेबांच्या एका शब्दावर गावात रक्त सांडलं असतं, कारण जमलेल्यांत फौजेतून आलेले पुष्कळ होते. त्यांनी लोकांना हात उचलू दिला नाही. फिर्याद झाली, खटला चालला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

इकडं तळं बाटलं म्हणून पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून शुद्धी करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला जुना ठराव मागं घेतला. तेव्हा बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला.

सत्याग्रह तोंडावर आला आणि विरोधकांनी कोर्ट गाठलं. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांनी तिथं न जाण्याची वहिवाट फार जुनी आहे, असा दावा महाडच्या दिवाणी कोर्टात दाखल झाला. प्रतिवादींत पहिलं नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. निकाल लागेपर्यंत तळ्यावर जायचं नाही, असा तात्पुरता मनाई हुकूम कोर्टानं दिला. गावच्या भाषेत सांगायचं तर स्टे मिळाला.

२५ डिसेंबरला महाडला सुमारे दहा हजार लोक जमले. भाकरी बांधून, कोसचे कोस चालून आले होते. गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. त्याच दिवशी रात्री माणसाला जन्मावरून हीन ठरवणारी मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे ब्राह्मण होते.

जवळपास चार हजार जणांनी सत्याग्रहासाठी नावं दिली. तुरुंगात जायला ते तयार होते. पाणी समोर होतं आणि कोर्टाचा हुकूम हातात होता. कुलाबा जिल्ह्याच्या कलेक्टरनं येऊन लोकांना समजावलं. पण लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

इथं बाबासाहेबांची कसोटी होती. ते या लोकांचे पुढारी, त्याच दाव्यात प्रतिवादी, आणि वर हायकोर्टाची सनद असलेले वकील. पुढारी म्हणून लोकांचं मन मोडायचं नव्हतं. प्रतिवादी म्हणून हुकूम आपल्या विरोधात होता, तोही एकतर्फी बाजू ऐकून दिलेला. आणि वकील म्हणून हे ठाऊक होतं की कोर्टाचा हुकूम चुकीचा वाटला तर तो वरच्या कोर्टात जाऊन उठवायचा असतो, पायाखाली तुडवायचा नसतो. शिवाय एकाच वेळी गावातले स्पृश्य आणि सरकार, दोघांना अंगावर घेतलं, तर मार गरिबाच्याच पाठीवर बसणार होता.

रात्रभर खल झाला. २७ डिसेंबरला त्यांनी सत्याग्रह तहकूब करायला लोकांना राजी केलं. हजारो लोकांची मिरवणूक तळ्याभोवती फिरली. कुणीही पाण्याला हात लावला नाही.

अनेकजण हिरमुसले, हे खोटं नाही. पोटाला चिमटा घेऊन आलेला माणूस पाण्याच्या काठावरून कोरडा परतला. ज्या ग्रंथाला त्यांनी धर्माची सत्ता मानायला नकार दिला, तो जाळला. ज्या कोर्टाची सत्ता त्यांनी मानली, त्याचा हुकूम पाळला, जरी तो त्या दिवशी अन्यायाचा वाटत होता. दोन दिवसांच्या अंतरानं घडलेल्या या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

मग तारखा सुरू झाल्या. मनाई मध्येच उठली, अपिलात पुन्हा बसली. ८ जून १९३१ ला महाड कोर्टानं दावा फेटाळला. विरोधक ठाण्याला अपिलात गेले, ३० जानेवारी १९३३ ला तिथंही हरले. मग ते हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्या खंडपीठानं निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादी काळापासूनची वहिवाट दावा करणाऱ्यांना शाबीत करता आली नाही. अपील फेटाळलं.

ओंजळभर पाण्यासाठी, पहिल्या दिवसापासून मोजली तर, जवळपास दहा वर्षं लागली. पण हा हक्क आता कुणाच्या मेहेरबानीवर नव्हता, हायकोर्टाच्या निकालात लिहिलेला होता.

खजिना सांभाळणारा, पण पगार नसलेला

धाराशिव जिल्ह्याशी बाबासाहेबांचा थेट संबंध आला तो याच प्रकारच्या कामातून. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे इथं महार-मांग वतनदार परिषद भरली. या गावी बाबासाहेब स्वतः आले होते.

वतन म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. गावचा महार हा सरकारचा सर्वांत खालचा नोकर. चावडीचा निरोप पोचवणं, सरकारी टपाल पुढच्या गावी नेणं, वसुलाचा खजिना तालुक्याला पोचवणं, साहेब आला की त्याची बडदास्त ठेवणं, बेवारस मढं उचलणं, सगळं त्याच्याकडं. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं. तो आजारी असला तर बाप, भाऊ, पोरगा यांपैकी कुणी तरी जायचं. मोबदल्यात तुकडाभर इनाम जमीन आणि सुगीला मागून आणायचं बलुतं. ठरलेला पगार नाही.

सरकारचा खजिना ज्याच्या हातात द्यायचा, ज्याच्याकडं सरकारी कागद भरवशानं सोपवायचा, त्याच हातानं गावच्या आडातलं पाणी काढायचं नाही. बाबासाहेबांनी हे सरकारी नोकरीचं ढोंग उघडं पाडलं. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कामाचे तास नसलेली, पगार नसलेली चाकरी ही नोकरी नव्हे, गुलामी आहे, अशी त्यांची मांडणी होती. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. १९३७ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तडवळ्याची परिषद त्याच लढ्याचा भाग. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला १९५८ साली. तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.

नोकराकडून इमानाची अपेक्षा ठेवायची असेल, तर त्याला पोटापुरता पगार आणि माणसाचा मान द्यावा लागतो. बाबासाहेबांच्या वतनविरोधी लढ्याचं सार एवढंच आहे.

खुर्ची आणि गोपनीयतेची शपथ

जून १९३५ पासून तीन वर्षं ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ज्यांच्या टेबलावर शिपायांनी फायली फेकल्या होत्या, त्यांच्या सहीनं आता देशाचं एक खातं चालू लागलं. कामगारांचे तास, रोजगार विनिमय केंद्रं, खाणीतल्या मजुरांचं कल्याण अशी कामं त्या काळात झाली.

१५ ऑगस्ट १९४७ ला ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण. एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, काही दिल्लीपासून दूर किंवा आजारी. कामाचा मोठा भार बाबासाहेबांवरच पडला, हे सभागृहात टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सांगितलं. तेव्हा बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखायचे, तरी कलमामागून कलम समजावून द्यायला ते उभे राहायचे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला शेवटच्या भाषणात मात्र त्यांनी श्रेय एकट्याकडं घेतलं नाही. पहिला कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, कलमांची भाषा घडवणारे एस. एन. मुखर्जी आणि रात्री जागून काम करणारे कर्मचारी यांची त्यांनी आठवण काढली. हाताखालच्या माणसाचं काम आपल्या नावावर न खपवणं, हीसुद्धा सचोटीच.

त्याच भाषणात त्यांनी महाडचा धागा पुन्हा पकडला, जरी महाडचं नाव घेतलं नाही. आता संविधानाचे मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा कायदेभंगाचे मार्ग मागं सोडले पाहिजेत, असं त्यांनी देशाला सांगितलं. हे बोलायचा अधिकार त्यांना होता. मार्ग जवळपास बंद असतानाही तळ्याच्या काठावरून कोरडे परतलेले ते होते.

संविधानात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सरकारी कामाला काही खुंट्या ठोकून ठेवल्या. नोकरभरती पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर होऊ नये म्हणून लोकसेवा आयोग. सरकारी पैशाचा हिशेब तपासायला महालेखापरीक्षक. हे पद तर देशातलं सर्वांत महत्त्वाचं असावं, असं बाबासाहेबांचं मत होतं, कारण तिजोरीवर नजर ठेवणारा माणूस कुणाच्या दडपणाखाली असता कामा नये. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क, तोही मूलभूत हक्कांत आला.

आणि मंत्र्याची शपथ. टीव्हीवर शपथविधी सगळेच बघतात. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची, अशा दोन शपथा घेतो. त्या संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टात आहेत. मंत्री म्हणून जी गोष्ट कानावर येईल, ती कामासाठी गरज असल्याशिवाय कुणाला सांगणार नाही, हा दुसऱ्या शपथेचा अर्थ. वकिलाला तर असा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही. केस संपली तरी नाही. फक्त गुन्हा करण्यासाठीच कुणी वकिलाचा सल्ला मागत असेल, तर त्याला हे संरक्षण मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, पण हा नियम कायम राहिला.

खुर्ची सोडली

बाबासाहेबांचा जीव अडकला होता हिंदू कोड बिलात. मुलीला वारसा, बाईला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्व. बिल लांबत गेलं, तुकडे पडले, शेवटी बाजूला ठेवलं गेलं. ज्या कामासाठी खुर्ची घेतली तेच होणार नसेल, तर खुर्ची उबवत बसण्यात अर्थ नव्हता. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

राजीनाम्याची कारणं त्यांना सभागृहात सांगायची होती. ऑक्टोबरात ते उभे राहिले, तर उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेबांना ते मान्य झालं नाही. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. खुर्चीवर बसून खुर्चीविरुद्ध कुजबूज करण्यापेक्षा खुर्ची सोडून, नावानिशी, जगासमोर बोलायचं, हा त्यांचा मार्ग होता.

किंमत मोजावी लागली. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. राज्यसभेत मात्र होते. या काळात त्यांचं लक्ष शिक्षणाकडं होतं. मराठवाड्यातल्या पोरांसाठी १९५० ला औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. १९५६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ लॉ कॉलेज निघालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीतल्या घरी, झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. वय ६५. ज्या बिलासाठी राजीनामा दिला होता त्याचे बहुतेक तुकडे त्यांच्या डोळ्यांदेखत, १९५५ आणि १९५६ मध्ये, वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपानं मंजूर झाले होते.

तारखेला जाणाऱ्या माणसासाठी

आज तामलवाडी, काटी, सुरतगावकडची पोरं लोकसेवा आयोगाचा अभ्यास करतात, काही लॉ कॉलेजात जातात. उद्या तलाठी, ग्रामसेवक, फौजदार, वकील म्हणून कुणाच्या तरी पिशवीतला कागद त्यांच्या हातात येणार आहे. त्यात कुणाच्या लेकीचं सासरचं भांडण असेल, कुणाचं कर्ज, कुणाच्या भावाची फसवणूक. चहाच्या टपरीवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तो कागद गेला, तर त्या घरानं पुन्हा कुणावर भरवसा ठेवायचा?

महाडच्या तळ्यावर आज कुणीही जातं, पाणी ओंजळीत घेतं. तिथं दर वर्षी २० मार्चला गर्दी होते. २७ डिसेंबरला तितकी होत नाही. पण ज्या दिवशी हजारो तहानलेली माणसं पाण्याला हात न लावता त्या तळ्याभोवती फिरली, तो दिवस हाच.